चवथीच्या जुन्या चित्रफिती टीव्हीवर नीट का दिसत नाहीत? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव, अ-१०१
सर्व सभासदांना नमस्कार. यंदा चवथीच्या पाच दिवसांत सभागृहातील टीव्हीवर आपल्या सोसायटीच्या गणपतीची जुनी चित्रीकरणे दाखवावीत, असे मागच्या बैठकीत ठरले होते. त्याप्रमाणे आतापर्यंत सात घरांतून डीव्हीडी, सीडी आणि मोबाइलमधील फाइली माझ्याकडे आल्या आहेत. काल रात्री त्या पेन ड्राइव्हवर घालून पाहिल्या, तेव्हा दोनच धड चालल्या. एका जुन्या मोबाइलच्या फाइलमध्ये चित्र दिसते, पण आवाज येत नाही. गेल्या वर्षीची एक फाइल लॅपटॉपवर उत्तम चालते, पण टीव्हीवर उघडतच नाही. आणि २००४ च्या डीव्हीडीवरून फोंड्यातील एका दुकानात जी फाइल करून घेतली, तिच्यात फुगडी सुरू झाली की बायकांच्या हातांभोवती आडव्या रेघांचे दाते दिसू लागतात. ब-३०४ मधील काकांनी अनेक वर्षे चित्रीकरणाचे आणि संकलनाचे काम केले आहे, म्हणून त्यांनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

ब-३०४
सचिवसाहेब, हे काम मी मनापासून करीन, कारण या चित्रीकरणांत घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवायला बसलेली तीन माणसे आज आपल्यात नाहीत. सर्वांना आधी एकच विनंती करतो. ज्यांच्याकडे मूळ डीव्हीडी, कॅसेट किंवा मोबाइलमधून थेट उतरवलेली फाइल असेल, त्यांनी ती पुसू नये आणि ‘टीव्हीवर चालत नाही’ म्हणून मिळेल त्या ॲपमधून पुन्हा पुन्हा रूपांतरित करू नये. आपण वापरतो त्या बहुतेक पद्धती जागा वाचवण्यासाठी डोळ्याला कमी जाणवणारा तपशील टाकून देतात, आणि पुढच्या रूपांतराला आधीच उणे झालेल्या चित्रापासूनच सुरुवात करावी लागते. गेलेला तपशील नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

आता निदानाविषयी. फाइलच्या नावापुढे एमपी४ किंवा एमकेव्ही लिहिलेले असते, ते फक्त डब्याचे नाव आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने आणि आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे, हे झाकण पाहून कळत नाही. लॅपटॉपवरील व्हीएलसी हा प्रोग्राम स्वतःजवळचे विसंकेतक, म्हणजे फाइल उलगडणारे भाग, वापरतो, म्हणून तो जवळजवळ काहीही चालवतो. टीव्हीला मात्र त्याच्या चिपला जेवढे येते तेवढेच वाचता येते. म्हणून व्हीएलसीमध्ये फाइल उघडून ‘टूल्स’ यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ पाहावे, किंवा मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम वापरून तिन्ही फाइलींचा तपशील मला पाठवावा. तो पाहिल्याशिवाय उपाय सांगणे योग्य होणार नाही.

सचिव, अ-१०१
तपशील वैयक्तिक संदेशात पाठवला आहे.

ब-३०४
मिळाला. सोपे आधी घेऊ. आवाज नसलेली फाइल ३जीपी प्रकारची आहे. तिच्यातील चित्र एमपेग-४ पद्धतीचे आहे आणि ते टीव्हीला वाचता येते, पण आवाज एएमआर पद्धतीचा आहे. ही पद्धत फोनवरील बोलण्यासाठी केलेली असल्यामुळे टीव्ही तिला सहसा ओळखत नाहीत. येथे चित्राला हातसुद्धा लावायचा नाही. एफएफएमपेग या मोफत रूपांतर प्रोग्राममध्ये चित्राचा प्रवाह जसाच्या तसा उचलून ठेवता येतो आणि केवळ आवाज टीव्हीला वाचता येणाऱ्या एएसी पद्धतीत बदलता येतो. हे काम काही सेकंदांचे आहे आणि चित्राची प्रत कणभरही घसरत नाही. मात्र त्या मोबाइलने आवाजाचे सेकंदाला ८००० नमुनेच घेतले होते, म्हणून ४ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्यात मुळातच नाही. घुमटाचा घुमारा ऐकू येईल, पण कासाळ्यांची, म्हणजे झांजांची, खणखण त्या फाइलमधून मिळणार नाही.

गेल्या वर्षीची फाइल नव्या आयफोनवरची आहे. तिच्यातील चित्र एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ पद्धतीचे, १० बिटचे (रंगांच्या जास्त छटांचे) आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेले) आहे. ही पद्धत २०१३ साली प्रमाणित झाली, पण सभागृहातील टीव्ही जुना असून त्याला २००३ सालची एच.२६४ हीच पद्धत नीट येते. म्हणून येथे चित्र पुन्हा संकेतबद्ध करणे अपरिहार्य आहे. एच.२६४, ८ बिट आणि एएसी आवाज निवडावा. एच.२६४ निवडूनही १० बिट तसेच राहिले तर टीव्ही पुन्हा नकार देईल, कारण बहुतेक टीव्हींच्या चिपा त्या पद्धतीचे ८ बिटचेच चित्र उलगडतात. एचडीआरचे साध्या चित्रात रूपांतर करताना टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याला जुळवणे, करून घेतले नाही, तर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, सगळी फळे धुरकट आणि फिकट दिसतील.

डीव्हीडीच्या फाइलबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो.

अ-२०३
काका, माझ्याकडच्या आरतीच्या फाइलचा प्रश्न निराळा आहे. मोबाइलवर मूळ फाइल बरोबर चालते. मी ती संकलनाच्या प्रोग्राममध्ये घेऊन बाहेर काढली, तर सुरुवातीला सगळे जुळते, पण ४० मिनिटांच्या शेवटी चित्र जवळजवळ अर्धा मिनिट पुढे निघून जाते. आवाज थोडा मागेपुढे सरकवून पाहिला, पण एका जागी जुळवले की दुसऱ्या जागी चुकते.

ब-३०४
ताई, तुम्ही नेमके लक्षण सांगितलेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतर सारखेच असते तर सरकवून भागले असते; ते वाढत जाते, याचा अर्थ वेगात फरक आहे. मोबाइल सेकंदाला बरोबर ३० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, घेतोच असे नाही. समईच्या मंद उजेडात प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून तो वेग कमी करतो, आणि प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. काही संकलन प्रोग्राम ती नोंद न पाहता सगळीकडे ३० चा वेग धरून चालतात. हिशेब करून पाहा. सरासरी वेग २९.६ असेल तर ४० मिनिटांत, म्हणजे २४०० सेकंदांत, ७१,०४० फ्रेम होतात. त्याच ३० च्या वेगाने चालवल्या तर २३६८ सेकंदांत संपतात. म्हणजे ३२ सेकंदांचा फरक, जो तुम्हाला दिसतो आहे.

उपाय असा की संकलनाआधी मूळ फाइल हँडब्रेक या मोफत रूपांतर प्रोग्राममध्ये घ्यावी, फ्रेमचा वेग ३० ठेवावा आणि त्याखालचा ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (कायम एकच वेग) हा पर्याय निवडावा. मग तो प्रोग्राम नोंदीतील वेळ पाळून जेथे फ्रेम कमी आहेत तेथे आधीचीच फ्रेम पुन्हा ठेवतो आणि लांबी बरोबर २४०० सेकंद राहते. संकलनासाठी ही मधली प्रत असल्यामुळे तिची गुणवत्ता उंच ठेवावी; आकार मोठा झाला तरी चालेल.

क-१०३
काका, विसर्जनाच्या दिवशी मी चित्रीकरण करत असताना मोबाइलची बॅटरी संपून तो बंद पडला होता. ती फाइल २ जीबीची आहे, पण कशातच उघडत नाही. एफएफएमपेग ‘मूव्ह ॲटम’ सापडत नाही, असे सांगतो. नाव बदलून आणि दोन वेबसाइटांवर टाकून पाहिले.

ब-३०४
बाळा, नाव बदलण्याचा येथे उपयोग नाही आणि रूपांतरही होणार नाही, कारण रूपांतर करणाऱ्याला आधी फाइल वाचता आली पाहिजे. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कोठे आहे याची अनुक्रमणिका असते, तीच ‘मूव्ह ॲटम’, आणि मोबाइल ती सहसा चित्रीकरण थांबवताना लिहितो. तुझ्या फाइलमध्ये पाने आहेत, अनुक्रमणिका नाही. अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याला त्याच मोबाइलवर, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली की तिच्या आधाराने तो अनुक्रमणिका पुन्हा रचण्याचा प्रयत्न करतो. अनेकदा बराचसा भाग मिळतो. मोबाइल अजून तुझ्याकडे असेल तर आजच मिनिटभराचे चित्रीकरण करून ठेव, आणि बिघडलेल्या फाइलच्या नकलेवरच प्रयोग कर. घरातील माणसांचे चेहरे असलेल्या फाइली अनोळखी वेबसाइटवर चढवू नयेत, असेही मला वाटते.

सचिव, अ-१०१
काका, डीव्हीडीच्या फाइलची सर्वांना उत्सुकता आहे.

ब-३०४
लिहितो, थोडे लांबेल. भारतात त्या काळचे कॅमेरे आणि टीव्ही पाल पद्धतीचे होते. त्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची मिळून बनलेली असते. एका अर्ध्यात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि ही दोन अर्धी चित्रे सेकंदाच्या ५० व्या भागाच्या अंतराने घेतलेली असतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर ती एकामागून एक रंगवली जात, म्हणून काही खटकत नसे. आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो. समईची ज्योत जेथल्या तेथे असल्यामुळे ती ठीक दिसते, पण फुगडीतला हात तेवढ्या अवधीत पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात.

हा दोष डीव्हीडीचा नाही, आणि रूपांतर करताना ओळी नीट वेगळ्या केल्या असत्या तर तो दिसलाही नसता. दुकानात मात्र ओळी वेगळ्या न करताच ७२० बाय ५७६ चे चित्र ताणून १९२० बाय १०८० केलेले आहे. ताणताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. दोन क्षणांच्या ओळी एकदा मिसळल्या की त्या पुन्हा निवडून काढता येत नाहीत. म्हणून त्या फाइलवर कोणताही उपाय करण्यात वेळ घालवू नये. मूळ डीव्हीडीच मला द्यावी. नशिबाने ती अजून आहे.

मी डीव्हीडीतील फाइली आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेईन. नंतर हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेससाठी, म्हणजे ओळी वेगळ्या करण्यासाठी, बीडब्ल्यूडीआयएफ ही पद्धत आणि त्याखाली ‘बॉब’ निवडीन व फ्रेमचा वेग ५० ठेवीन. अनेक जण येथे २५ ठेवतात आणि निम्मी हालचाल गमावतात. ‘बॉब’ प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करतो, त्यामुळे कॅमेऱ्याने पकडलेले ५० क्षण तसेच राहतात. फुगडीची गिरकी २५ मध्ये अडखळल्यासारखी दिसते आणि ५० मध्ये ती पाण्यासारखी वाहते. हा फरक मी वर्षानुवर्षे पाहिला आहे आणि त्यासाठी फाइल थोडी मोठी झाली तरी मला ते मान्य आहे. एक मात्र तपासावे लागेल. विषम आणि सम ओळींचा क्रम उलटा धरला गेला, तर हात पुढे, मागे, पुन्हा पुढे असा थरथरतो. तसे दिसले तर क्रम बदलून पुन्हा करावे.

चित्राचे मापही जपायचे आहे. ७२० बाय ५७६ मधील ठिपके चौरस नसतात. ते ४:३ या प्रमाणात दाखवायचे असतात. रूपांतरात ती खूण हरवली तर माणसे किंचित अरुंद आणि उंच दिसतात, आणि टीव्हीने पडदा भरण्यासाठी ताणले तर सगळी रुंद होतात. सभागृहातील टीव्हीचे सेटिंग ४:३ वर ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. आपल्या माणसांचे चेहरे जसे होते तसे दिसणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

अ-३०१
काका, मी माझी डीव्हीडी स्वतः रूपांतरित केली, तर फाइल मूळ डीव्हीडीपेक्षाही मोठी झाली. हे कसे?

ब-३०४
वहिनी, तुम्ही गुणवत्तेचा आकडा किती ठेवला होता? हँडब्रेकमध्ये हा आकडा जितका लहान, तितकी गुणवत्ता आणि आकार मोठा.

अ-३०१
१० ठेवला होता. कमी म्हणजे फाइल लहान होईल, असे वाटले.

ब-३०४
डीव्हीडीसाठी १८ ते २२ पुरे आहे. मी २० धरतो. एच.२६४ मध्ये साधारण सहा अंक खाली गेले की आकार दुपटीच्या आसपास जातो. जुन्या चित्रीकरणातील अंधाऱ्या भागात दाणेदार गोंगाट असतो आणि तो प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो, म्हणून त्यावरही बरीच जागा खर्च होते.

ब-१०२
माझ्याकडे मुंजीच्या वेळची व्हीसीडी आहे, आणि गणपतीची एक व्हीएचएस कॅसेटही आहे. कॅसेटच्या फितीवर पांढरट डाग दिसतात. ती आमच्या व्हीसीआरमध्ये घालून पाहू का?

ब-३०४
काकी, कृपया घालू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फितीवर धरणारी ती बुरशी आहे. ती यंत्राच्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या चांगल्या कॅसेटमध्ये जाते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. फीत स्वच्छ करून देणाऱ्या माणसाकडेच ती द्यावी लागेल. व्हीसीडीमध्ये ‘एमपेगएव्ही’ फोल्डरात डॅट नावाची फाइल असेल. तिचे चित्र ३५२ बाय २८८ इतकेच असते, म्हणून मोठे करण्याचा हट्ट धरू नये. नकल मध्येच अडकली तर चकती मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोलगोल पुसू नये.

सचिव, अ-१०१
एक शेवटची शंका. ताईंची नवी फाइल ६ जीबीची आहे आणि पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही ती जात नाही.

ब-३०४
पेन ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत फॅट३२ असेल. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एक्सफॅट केल्यास मावेल, पण सभागृहातील टीव्ही एक्सफॅट वाचतो का, हे आधी पाहावे लागेल. वाचत नसेल तर टीव्हीसाठी मी गुणवत्ता २२ ठेवून लहान प्रत करीन. आणि कोणीही फाइल या ग्रुपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, कारण व्हॉट्सॲप ती स्वतःच दाबून लहान करतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचते.

सचिव, अ-१०१
सर्वांना कळवण्यास आनंद वाटतो की काकांनी डीव्हीडीवरून केलेला पाच मिनिटांचा तुकडा आज सभागृहात लावून पाहिला. दाते गेले आहेत, आणि घुमटावर हात पडतो तेव्हाच आवाज येतो. ब-१०२ च्या काकी बराच वेळ तेथेच बसून होत्या. उरलेल्या मूळ डीव्हीडी आणि सीडी रविवारी सकाळी ११ वाजेपर्यंत, घर क्रमांक लिहिलेल्या पाकिटात घालून, ब-३०४ मध्ये द्याव्यात.

ब-३०४
पाकिटावर चित्रीकरणाचे वर्षही लिहावे. मूळ प्रती काम झाल्यावर ज्याच्या त्याला परत मिळतील, आणि उतरवलेल्या फाइलींचा एक संच मी वेगळ्या हार्ड डिस्कवर सचिवांकडे देईन.