मदत हवी आहे: परिशिष्ट एकवरचे निम्मे विश्वस्त हयात नाहीत, ठरावावर सही कोणाची?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्यात आमची नोंदणीकृत कला संस्था असून दंडार व खडीगंमत या लोककला आणि झाडीपट्टीचे (पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्याचे) नाटक यांची शिबिरे आम्ही दरवर्षी घेतो. एका अनुदानासाठी अर्ज करायचा आहे आणि त्याला फक्त बारा दिवस उरले आहेत. अर्जासोबत कार्यकारी मंडळाचा ठराव व बँकेचे पत्र लागते. बँक म्हणते की सही बदलण्यासाठी धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा आणा. त्या उताऱ्यावर अकरा नावे आहेत, त्यांपैकी पाच जण वारले आणि दोघे मुलांकडे पुण्यास राहतात. काम आम्ही करतो, पण कागदोपत्री आम्ही कोणीच नाही. ठराव कोणी करायचा, एवढेच सांगावे. ‘चांगला वकील गाठा’ हा सल्ला कृपया देऊ नये, तो मिळून चुकला आहे.

जुना कार्यवाह
आपण प्रश्न विचारला आहे, परंतु उत्तरासाठी लागणारे जवळपास काहीच लिहिलेले नाही. नोंदणी क्रमांकाच्या आधी ‘एफ’ आहे की ‘ई’? ‘एफ’ असेल तर आपली संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे आणि मग सभासद, वार्षिक सभा, निवडणूक हे सगळे आले. परिशिष्टावरची नावे कोणत्या वर्षीची आहेत? त्यानंतर निवडणूक झाली का? आणि ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण?

पडदा उघडा
ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासनाच्या मानधन योजनेचा लाभ घेता येतो. आपल्या भागातील दंडारीच्या शाहिरांचे अर्ज भरून घ्यावेत, पुष्कळांना माहितीच नसते.

वैनगंगाकाठ
पडदा उघडा, आभारी आहे, पण माझा प्रश्न मानधनाचा नाही. जुना कार्यवाह, क्रमांक ‘एफ’चाच आहे. उताऱ्यावरची नावे २००९ च्या निवडणुकीची आहेत. त्यानंतर २०१४ आणि २०१९ मध्ये निवडणुका झाल्या, इतिवृत्तेही आहेत, फक्त धर्मादाय कार्यालयात काही दिले नाही. मी २०१९ पासून सचिव आहे. हे मला इतके गृहीत वाटत होते की लिहिण्याचे सुचले नाही.

ताळेबंद
हेच तर मुख्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत झालेला प्रत्येक बदल नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. आपण दोन बदल कळवलेले नाहीत आणि २०२४ ची निवडणूक, आपल्या लिहिण्यावरून दिसते, झालेलीच नाही. आता २०१४ चा बदल अर्ज, मग २०१९ चा, अशा क्रमाने आणि प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज जोडून जावे लागेल. मधला दुवा सोडून थेट आजची नावे लावता येत नाहीत. प्रत्येक अर्जाला सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे आणि मृतांचे मृत्यू दाखले लागतील. बारा दिवसांत हे होणार नाही. या वर्षीचे अनुदान मनातून काढून टाका, म्हणजे डोके शांत राहील.

नवी पहाट
एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन विश्वस्त संस्था नोंदवावी. सात उत्साही तरुण घ्या, संस्थेची कोरी घटना (नियमावली) लिहा आणि कामाला लागा. आम्ही तसेच केले आणि आजवर पस्तावलो नाही.

ताळेबंद
नवी पहाट यांचा सल्ला ऐकायला सोपा आहे. नव्या संस्थेला संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत देणारी प्राप्तिकराची नोंदणी (१२-अ आणि ८०-जी या नावांनी ओळखली जाणारी) नव्याने घ्यावी लागते, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा तर त्याचीही नोंदणी वेगळी, आणि बऱ्याच योजना मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतात, ते आणायचे कुठून? शिवाय जुन्या संस्थेच्या नावावर जागा असेल तर ती धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कलम ३६ मुळे नव्या संस्थेकडे वळवता येत नाही. वैनगंगाकाठ, जागा आहे का?

वैनगंगाकाठ
आहे. तालमीची इमारत आणि मागचे मोकळे आवार. हेही लिहायचे राहिले.

नवी पहाट
मग इमारत जुन्याकडे राहू द्या आणि काम नव्याकडून करा.

जुना कार्यवाह
म्हणजे पाच मृत आणि सहा वृद्ध विश्वस्तांच्या नावावर एक बेवारस इमारत. आमच्या तालुक्यात अशी एक वास्तू आहे. तिचे छप्पर गेले, त्या वर्षी परवानगीच्या अर्जावर सही करायला कायद्याने कोणी उरले नव्हते.

झाडीची लेक
मी याच रंगभूमीवर सतरा हंगाम काम केले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सगळे कलमांवर बोलत आहेत, परंतु या अकरांत कलावंत किती आहेत हे कोणी विचारले नाही. आमच्याकडे संस्था चालवतात निवृत्त गुरुजी, ग्रामसेवक आणि एखादे मोठे कास्तकार. दिवाळीनंतर धान निघाले की हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत आम्ही रोज वेगळ्या गावात असतो. नेमक्या त्याच दिवसांत वार्षिक सभा लागते, मग ‘कलाकार सभेला येत नाहीत’ असे इतिवृत्तात लिहिले जाते.

वैनगंगाकाठ
ताई, आपला मुद्दा झोंबला, कारण तो खरा आहे. अकरांत एकच सोंगाड्या होता आणि तो वारलेल्या पाचांत आहे. सभा आम्ही जानेवारीतच घेत आलो.

ताळेबंद
कलावंत मंडळावर जरूर असावेत, मात्र एक सावधगिरी हवी. जो विश्वस्त आहे तोच शिबिराचे मानधन घेऊ लागला तर प्राप्तिकर कायद्यात तो ‘हितसंबंधी व्यक्ती’ ठरतो आणि त्याला दिलेली रक्कम कामाच्या मानाने वाजवी होती, हे संस्थेला दाखवावे लागते. त्याच्या मानधनाच्या ठरावावेळी त्याने बाहेर बसावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. कलावंतांना सल्लागार मंडळात घेणे त्यामानाने निर्धोक असते.

झाडीची लेक
सल्लागार मंडळ म्हणजे पत्रिकेवर नाव आणि मत शून्य. ते आम्ही पुष्कळ पाहिले. बाहेर बसण्याची माझी तयारी आहे, पण मत देण्याच्या वेळी मला आत बसायचे आहे.

जुना कार्यवाह
दोघांचे म्हणणे एकाच ठिकाणी येऊन थांबते आणि ते ठिकाण म्हणजे सभासद नोंदवही. मंडळावर कोण येणार हे सभासद ठरवतात, म्हणून आधी मतदार यादी पाहू. १८६० च्या कायद्याचे कलम १५ सांगते की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मतदान करता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. आपली यादी किती जणांची आहे आणि वर्गणी चालू असलेले किती?

वैनगंगाकाठ
काल रात्री नोंदवही काढली. निळ्या रेक्झिनची, वाळवीने कोपरे खाल्लेली. एकशे बेचाळीस नावे आहेत. जुन्या सचिवांनी वर्गणीच्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी रकमेऐवजी ‘पायलीभर धान, जमा’ असे लिहून पुढे सही केलेली आहे. असे धान देणारे बहुतेक दंडारीचे लोक आहेत, म्हणजे कलावंत सभासद होतेच, आम्ही त्यांना विसरलो. आज वर्गणी चालू असलेले सव्वीसच आहेत आणि ते सगळे आम्ही, म्हणजे मंडळ आणि मंडळाचे सोयरे.

ताळेबंद
धान विकून रक्कम जमा झाल्याची नोंद किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) सापडली तर त्या नोंदी टिकतील. पण मतदार यादी करण्याआधी थकबाकीदारांना लेखी कळवून वर्गणी भरण्याची मुदत द्या आणि घटनेत थकबाकीमुळे सभासदत्व रद्द होते असे कलम आहे का ते तपासा. सव्वीस जणांवर निवडणूक उरकली तर उद्या कोणीही हरकत घेईल आणि ती रास्तच असेल.

जुना कार्यवाह
आणखी एक. २०१९ च्या मंडळाची मुदत संपली आहे. ‘नवे मंडळ येईपर्यंत जुने मंडळ काम पाहील’ असे वाक्य घटनेत असेल तर निवडणुकीची सभा आपणच बोलवा. नसेल तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अ खाली अर्ज करून धर्मादाय आयुक्तांकडून निवडणूक घेण्याचे निर्देश मागा. सभा पावसाळा संपायच्या आत घ्या, हंगामात नको.

वैनगंगाकाठ
वाक्य आहे. तिसऱ्या पानावर, टंकलेखनाच्या फिकट प्रतीत. बारा दिवस केव्हाच संपले आणि अनुदानाचा अर्ज गेला नाही, हे मान्य केले आहे. सभेची तारीख ऑगस्टमधली ठरवली आहे. आता शेवटची अडचण अशी की घटनेनुसार नोटीस ‘डाक प्रमाणपत्राने’ (पत्र टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन) पाठवायची आहे आणि पोस्टमास्तर म्हणतात की असे काही नसते. व्हॉट्सॲपवर टाकली तर चालेल का?

ताळेबंद
डाक प्रमाणपत्राची सोय टपाल खात्याने २०११ मध्ये बंद केली. स्पीड पोस्टाने पाठवा, पावत्या नोंदवहीच्या क्रमाने चिकटवा आणि गावातल्या सभासदांच्या सह्या नोटीस वहीवर घ्या. व्हॉट्सॲपवर खुशाल टाका, परंतु पुरावा म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. याच सभेत घटनेतले ते कलमही बदलायला घ्या.

नवी पहाट
मी अजूनही म्हणतो की नवीन संस्था सोपी पडली असती.

वैनगंगाकाठ
एकशे सोळा थकबाकीदारांना पत्रे गेली. एकोणतीस जणांनी वर्गणी भरली, त्यांत दंडारीचे सतरा आहेत. काही लिफाफे परत आले असून एकावर पोस्टमनने पेनाने ‘मालक मयत, मुलगा म्हणतो मला सभासद करा’ असे लिहिले आहे. या लिफाफ्याचे काय करू?

जुना कार्यवाह
फोडू नका, जसा आहे तसा फाइलला लावा. आणि मुलाला प्रवेश अर्ज पाठवा.