पुढच्या वाड्याचे काय करायचे?

सचिव : सर्व सभासदांस नमस्कार. आपल्या आवारातील रस्त्याकडचा जुना वाडा वारसा यादीत ग्रेड ३ या सर्वांत खालच्या श्रेणीत असल्यामुळे महापालिकेची रीतसर परवानगी घेऊन त्याची दुरुस्ती आणि नवा वापर करता येतो. वरच्या मजल्यावर वाचनालय व छोटे सभागृह आणि खाली भाड्याने कॅफे असा प्रस्ताव आहे. रविवारच्या सभेपूर्वी आपले मत कळवावे. नुसते अंगठे पाठवू नयेत.

बी-३०२ : कल्पना उत्तम आहे, परंतु खर्चाचा भार सभासदांवर पडू नये. कॅफेचे भाडे लवकर सुरू व्हावे, यासाठी बाहेरून प्लास्टर आणि रंग करून दिवाळीपूर्वी जागा देता येईल का?

ए-१०१ : सचिव महोदय, मी नोकरीभर स्थापत्य अभियंता म्हणून काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहिते. प्रस्तावाला माझा विरोध नाही, पण त्यातील मजले उलटे झाले आहेत. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, सुट्या खुर्च्यांच्या सभागृहासाठी ५०० आणि पुस्तकांच्या कपाटांच्या दालनासाठी किमान ६०० किलो. आपला वरचा मजला सागवानी तुळया आणि कडीपाट (कड्यांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या) यांवर, घरातल्या माणसांच्या वावरापुरता बांधलेला आहे. तिथे पुस्तकांची कपाटे चढवायची तर खालून लोखंडी खांब द्यावे लागतील, आणि मग वाडा राखला कशासाठी, हा प्रश्न उरेलच. पुस्तके आणि सभा खाली ओसरीवर व चौकात घ्याव्यात. वर सोसायटीचे कार्यालय सुखाने मावेल.

रंगाबद्दल मात्र कळकळीची विनंती आहे की घाई करू नये. मागे एका ठेकेदाराने दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, त्याचा परिणाम दिंडी दरवाज्याच्या डाव्या बाजूला कोणीही पाहावा. कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलावा फुगला आहे, आणि जिथे तो सुटला आहे तिथली वीट बोटाने खरवडली तरी भुकटी होऊन खाली पडते. जमिनीतली ओल विटांतून वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून सुकते, सिमेंटमागे ती कोंडते आणि तिच्यातले क्षार विटेलाच फोडतात. त्यामुळे आधी सिमेंट हलक्या हाताने उतरवणे, भिंत सुकू देणे आणि मग मुरवलेल्या चुन्याचे पातळ थर देणे, हाच क्रम हवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून दोन थरांमध्ये वेळ द्यावाच लागतो. दिवाळी तोपर्यंत थांबणार नाही, याला माझा इलाज नाही.

सी-२०४ : ताई, तुळयांची अवस्था कशी आहे? शिवाय आमच्यासारख्या ज्येष्ठांना तो दगडी जिना झेपत नाही.

ए-१०१ : काका, तुळई बहुधा भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजते, मधला भाग ठणठणीत असतो. ठोकून पाहावे, बद्द आवाज आला तर तेवढे टोक कापून जुन्या सागवानाचा जोड देता येतो, अख्खी तुळई बदलावी लागत नाही. लिफ्ट मागच्या अंगणात स्वतःच्या सांगाड्यावर, वाड्यावर भार न टाकता उभारावी आणि स्वच्छतागृहेही तिथेच घ्यावीत, म्हणजे पाण्याचे नळ जुन्या भिंतींत शिरणार नाहीत.

बी-३०२ : म्हणजे कॅफे रद्द समजायचा का? उत्पन्नाशिवाय वाडे टिकत नाहीत, हेही लिहून ठेवावे.

सी-२०४ : ते खरे आहे. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी राहण्यासाठी बांधला, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, १८७९ च्या आगीत पूर्वेकडचा भाग जळाल्यावर तो पुन्हा उभारला गेला आणि पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्याही तिथे होत्या. रिकामा पडला असता तर आज दिसलाही नसता. पण आगीची आठवण ठेवून लाकडी छताखाली तळण नको, एवढे माझे म्हणणे आहे.

ए-१०१ : सहमत आहे. चहा, कॉफी आणि बाहेरून तयार येणारे पदार्थ चालतील. गॅसची शेगडी आणि तेलकट धूर नको. वायरिंगही पूर्ण नवे, लाकडापासून अलग नळ्यांतून घ्यावे.

सचिव : सभेपुढे तीन विषय ठेवतो : वारसा कामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाची नेमणूक, दरवाज्याशेजारच्या एका खणातील सिमेंट नमुन्यादाखल उतरवणे, आणि भाडेकरारात शेगडीला मनाई. बी-३०२ यांनी तशा अटीवर भाडे किती मिळेल याची चौकशी करून आकडा आणावा.