बीबीएफ पेरणी: शेतकरी ऐकत नाही, की यंत्र वेळेवर येत नाही?

काळं रान, परभणी
2024 च्या खरिपातली गोष्ट. बांधाला बांध लागून दोन रानं. माझं 4 एकर सोयाबीन बीबीएफवर (ब्रॉड बेड फरो), म्हणजे रुंद वरंब्यावर पिकाचे चार तास, म्हणजे ओळी, आणि दोन्ही अंगाला सरी. शेजारच्या काकांचं सपाट. 1-2 सप्टेंबरला मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते आठवत असेल. ऐन शेंगा भरायचे दिवस. काकांच्या रानात तीन दिवस पाणी तुंबलं, पाला पिवळा पडून गळाला. माझ्या सऱ्यांनी पाणी खालच्या चरात नेऊन सोडलं. मला एकरी 9 क्विंटल, त्यांना साडेसहा. बियाणं 30 किलोऐवजी 22 लागलं ते वेगळंच.

तरी काका म्हणतात, "बघू पुढच्या साली." ही पद्धत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं 1970 च्या दशकात हैदराबादजवळ पाटनचेरूला काळ्या जमिनीसाठी बसवली. पन्नास वर्षं होत आली. शिवारफेरीला गर्दी होते, फोटो निघतात आणि पेरणीला पुन्हा तेच सपाट. माझं स्पष्ट मत आहे, आपल्यालाच बदलायचं नाही.

वाशीमकर
दादा, काकांना अडाणी ठरवू नका. माझं ऐका. आमच्या गावात बीबीएफ यंत्र एकच, भाड्यानं. मृगात तीन इंच पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे पेरणीजोगी ओल झाली. नंबर लावला, अकरावा. माझी पाळी सहाव्या दिवशी, तोवर वरची ओल उडालेली. मग झड लागली आणि पेरणी गेली 2 जुलैवर. शेजाऱ्यानं वाफसा येताच घरच्या यंत्रानं सपाट पेरून टाकलं होतं. एकरी उतारा, म्हणजे उत्पादन, त्यालाच जास्त पडलं. गेलेले दिवस वरंबा भरून देत नाही.

आणि इक्रिसॅट म्हणता तर पुढचंही सांगा. त्यांनी त्यासाठी बैलांनी ओढायचं चाकांचं अवजार काढलं होतं. चांगलं होतं, पण महाग. शेतकऱ्यानं घेतलं नाही. म्हणजे तेव्हाही वरंबा नापास नव्हता, अवजार परवडत नव्हतं.

काळं रान, परभणी
नंबरचं मान्य. पण चौघांनी मिळून यंत्र का घेत नाही? लग्नाच्या मांडवाला वर्गणी निघते, यंत्राला निघत नाही. अडीच क्विंटल जास्त म्हणजे 4100 च्या भावानं दहा हजार, एकरी!

मोंढ्यात बसलेला
तुम्हीच भाव सांगून बसलात. त्या साली हमीभाव 4892 होता आणि तुम्ही विकलं 4100 नं. क्विंटलमागं 792 रुपये तिथंच गेले. 9 क्विंटलांवर हिशेब करा, सात हजारांच्या वर जातो. नवीन पद्धतीनं कमावलेलं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोडून यायचं, तर माणूस उत्साह कुठून आणणार?

काळं रान, परभणी
भाव पडला म्हणून पाणी तुंबू द्यायचं का? साडेसहावाल्यालाही तोच भाव मिळाला ना.

मेहकरची ताई
सगळे भाऊ उताऱ्यावर बोलताय, कंबरेवर कुणी बोलेना. आमच्याकडं वरंब्यावर टोकण करतात, म्हणजे एकेक बी हातानं लावतात. दिसायला रांगोळीसारखं दिसतं. पण एकराला सात-आठ बाया दिवसभर वाकून असतात, आणि व्हिडिओत दिसतो तो शर्टाला इस्त्री केलेला मालक. पुढं तणाचं बघा. सपाट रानात बैलाचं डवरं, म्हणजे दोन ओळींतलं तण काढायचं अवजार, सरळ जातं. वरंब्यावर जू मापात नसलं की बैल सरीत पाय घालतो आणि डवरं तिरकं होऊन पीक उपटतं. मग तणनाशक मारा, नाहीतर पुन्हा आम्हीच खुरपं घेऊन. आमचं रान बटईचं आहे, म्हणजे मालकाचं, वाट्यानं केलेलं. फवारणी-खुरपणीचा खर्च निम्मा आमच्या अंगावर, आणि वरंबे करायचे ते मालकानं ठरवलेलं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

टोकणीला विरोध नाही माझा. ढकलत न्यायचं टोकणयंत्र आलं तेव्हा दोघींत काम झालं. तेवढी सोय आधी करा, मग आम्हाला प्रगतिशील व्हायला सांगा.

काळं रान, परभणी
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्याकडं ट्रॅक्टरनं पेरलं, म्हणून टोकणीचा विचार केला नाही. तणनाशक मात्र मीही मारलं, ते वर लिहायला हवं होतं.

मुरमाड
आमच्या हलक्या रानात पाणी तुंबतच नाही. तिथं हे कशाला? सगळ्या जिल्ह्याला एकच औषध नको.

वाशीमकर
बरोबर, हे मुळात भारी काळ्या जमिनीचं काम. आणि ज्यांच्याकडं बीबीएफ नाही त्यांनी पट्टापेर करावी. घरचंच सात दात्यांचं, म्हणजे एका फेऱ्यात सात ओळी पेरणारं, पेरणीयंत्र, एक दाता बंद. पीक 25-30 दिवसांचं झालं की शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून रिकाम्या तासात सरी पाडायची. नंबर नाही, भाडं नाही. मी आता हेच करतो.

काळं रान, परभणी
काकांना वाचून दाखवलं. विचारतायत, सातातला कोणता दाता बंद करायचा?

वाशीमकर
मधला, चौथा. एका फेऱ्याचे शेवटचे तीन आणि पुढच्या फेऱ्याचे पहिले तीन, असा सहा तासांचा पट्टा पडतो. काकांना सांगा, बियाण्याबरोबर त्या दात्याची खताची नळीही बंद करा. मी पहिल्या साली विसरलो होतो, सरीत असलं गवत माजलं की म्हशीला पंधरा दिवस पुरलं.