मदत हवी आहे: दुपारी तापवलेलं पाणी सकाळपर्यंत टिकतं का?

मुलुंडला राहतो, वीज महावितरणची, स्मार्ट मीटर बसलाय. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या युनिटांवर सवलत आहे, पण नेमके तेव्हाच आम्ही दोघं ऑफिसात. एसी रात्रीच लागतो, तो सोडून द्या.

वॉशिंग मशीन स्मार्ट प्लगवर जमलं नाही. वीज आली की पॅनल उजळतं, पण स्टार्टचं बटण हातानेच दाबावं लागतं. मग मशीनचाच डिले स्टार्ट लावला, दुपारी धुणं होतं. (पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत ड्रममध्ये राहून कपड्यांना कुबट वास येतो, तो भाग वेगळा.)

खरा प्रश्न गीझरचा. 15 लिटरचा, 2000 वॅटचा, जुना. 16 अँपियरचा स्मार्ट प्लग लावून साडेचारचं शेड्यूल दिलंय. रात्री पाणी कडक असतं, सकाळी 6 ला जेमतेम कोमट, म्हणजे पुन्हा बटण दाबणं आलंच.

स्टार रेटिंग टाकीत साठलेल्या पाण्याची उष्णता किती कमी निसटते यावर देतात, म्हणून 25 लिटरचा 5 स्टार घ्यायचा विचार आहे. घर भाड्याचं, त्यामुळे सोलर किंवा वायरिंगमध्ये बदल नको.

असा गीझर वापरणाऱ्यांनी सांगावं: संध्याकाळी 5 ला बंद केल्यावर सकाळी दोघांच्या आंघोळीपुरतं पाणी खरंच गरम राहतं का?