सल्ला हवा: स्पेन्सर कार्बाइन घेताना काय बघावं?

व्हर्जिनियाकर: मंडळी, अमेरिकी यादवीतल्या घोडदळाची स्पेन्सर कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, संग्रहासाठी घ्यायची आहे. बजेट २,००० डॉलर, वर एक पैसा नाही. उडवायची नाही, भिंतीवर लावायची आहे. एक विक्रेता म्हणतो, त्याच्याकडची गेटिसबर्गच्या लढाईत होती. काय काय तपासू?

जुनाट_माणूस: २,००० मध्ये भंगार मिळेल. ४,००० काढा आणि दस्त्याच्या मानेवर डाव्या अंगाला तपासनिसाचे शिक्के स्पष्ट असलेलीच घ्या. माझ्या कार्बाइनवरचे दोन्ही वाचता येतात. पाहुणे आले की आधी तीच दाखवतो.

खवचट_काका: अजून येतात पाहुणे?

तेलपाणी: ठासणीच्या बंदुका गंजतात फार. आतून तेलाचा बोळा फिरवत जा.

रिमफायर: ठासणीची नाही हो ती! दस्त्याच्या मागून नळकांडं आत जातं, त्यात सात काडतुसं. लीव्हर खाली-वर केला की रिकामं बाहेर, नवं आत. घोडा मात्र दर वेळी अंगठ्यानेच ओढायचा.
आणि धागाकर्ते, विक्रेता थापा मारतोय. गेटिसबर्ग जुलै १८६३ ची. स्पेन्सर कार्बाइनी सैन्याच्या हातात पडू लागल्या ऑक्टोबर १८६३ पासून. उत्तरेच्या जनरल कस्टरच्या मिशिगन घोडदळाकडे तिथे स्पेन्सर होत्या, पण त्या लांब नळीच्या रायफली.

हेन्रीभक्त: स्पेन्सर कशाला? हेन्री रायफल घ्या. सात गोळ्या कुठे नि सोळा कुठे!

जुनाट_माणूस: हेन्रीच्या किमतीत गाडी येते. बजेट वाचा जरा.

हेन्रीभक्त: तुम्ही वाचलंत? ४,००० कोण म्हणालं?

रिमफायर: भांडा सावकाश. नळी मोजा. २२ इंच असेल तर युद्धकाळातली. २० इंच म्हणजे १८६५ चं मॉडेल; त्यातल्या बऱ्याच प्रॉव्हिडन्सच्या बर्नसाइड कारखान्यात बनल्या आणि लढाई संपल्यावर पोचल्या. त्या स्वस्त पडतात. चापापुढे छोटी फिरती पट्टी दिसली तर तो स्टॅबलरचा अडसर, एकेकच गोळी भरून उडवण्यासाठी. २२ इंचीवर तो असेल तर युद्धानंतर स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात दुरुस्त झालेली समजा. २२ इंचीच्या नळीतल्या आतल्या खाचाही मोजा: मूळच्या सहा, दुरुस्तीतल्या तीन.

कोथरूडकर: भारतात आणायचा विचार असेल तर आधी वकील गाठा. जुनी आहे म्हणून कस्टमवाले सोडतील या भ्रमात राहू नका.

व्हर्जिनियाकर: भारतात आणायची नाहीये. इथेच राहणार.

कोथरूडकर: तरी सांगून ठेवलं.

पॉलिशग्रस्त: दस्ता चकचकीत दिसला तर उलट्या पावली परत फिरा. मला एकाने घासून-पुसून 'मूळ स्थितीतली' म्हणून गळ्यात मारली. शिक्के घासण्यात गेले, कडा गोल झाल्या. आता कोणी अर्ध्या किमतीलाही घेत नाही.

जुनाट_माणूस: शिक्क्यांचं मी आधीच सांगितलं होतं. युद्धकाळातलीच घ्या, बर्नसाइडच्या नादी लागू नका.

रिमफायर: मीही थोडं थांबून २२ इंचीच बघेन. आणि विक्रेता 'अस्सल' ब्लेकस्ली काडतूसपेटी (भरलेली नळकांडी ठेवायची) फुकट देतो म्हणाला तर ती नक्की नवी बनवलेली.

व्हर्जिनियाकर: घेतली. बर्नसाइडची, २० इंची, १,७५० ला, दुसऱ्या विक्रेत्याकडून. लढाई तिने पाहिलेली नाही, ठाऊक आहे. पण दस्त्याला कोणी हात लावलेला नाही, लीव्हर घट्ट बसतो, डाव्या बाजूची, पट्टा अडकवायची कडी-दांडी जागेवर आहे. सर्वांचे आभार.

जुनाट_माणूस: घाई केलीत.

हेन्रीभक्त: उरलेले २५० हेन्रीसाठी बाजूला ठेवा.