मदत हवी आहे : मुलांनी खेळताना पार्क केलेल्या गाडीला ओरखडा पाडला, वकिलाचं पत्र आलंय (जर्मनी)

नमस्कार मंडळी, आम्ही श्टुटगार्टला राहतो. माझी मुलगी (वय ६) आणि शेजारचा मुलगा (वय ८) बिल्डिंगच्या आवारात पायाने ढकलायची स्कूटर खेळत होते आणि तिथे उभ्या गाडीच्या दाराला लांबलचक ओरखडा गेला. आता मालकाच्या वकिलाने दोन्ही घरांकडे शाडन्सएरझाट्स म्हणजे नुकसानभरपाई मागितलीय, वर आम्हाला गेझाम्टशुल्डनर म्हटलंय. म्हणजे मालक अख्खी रक्कम कोणा एकाकडूनही वसूल करणार आणि मग आपसात वाटून घ्यायचं, बरोबर ना?

तेव्हापासून बीजीबी (इथला दिवाणी कायदा, १९०० पासूनचा) वाचतेय. पॅरा ८२३ प्रमाणे मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान केलं तर भरपाई, पण पॅरा ८२८ म्हणतो ७ वर्षांखालच्या मुलावर जबाबदारी येतच नाही. ७ ते १० वयाला सूट आहे ती मोटार, रेल्वे वगैरेच्या अपघातापुरती, आणि बीजीएचने (इथलं सर्वोच्च दिवाणी कोर्ट) २००४ मध्ये सांगितलंय की नीट पार्क केलेल्या गाडीच्या बाबतीत ती सहसा मिळत नाही. म्हणजे एकाच खेळात माझी सुटली आणि शेजारचा अडकला? फार वाईट वाटतंय, रोजचं येणंजाणं आहे हो आमचं.

खरी भीती पॅरा ८३२ ची, आउफझिख्ट्सफ्लिख्ट म्हणजे देखरेखीची जबाबदारी. मुलांवर लक्ष ठेवलं होतं हे आईबापांनीच सिद्ध करायचं. मी बाल्कनीतून बघत होते, मधेमधे आत जात होते. २००९ च्या एका निकालात साडेपाच वर्षांच्या मुलाकडे जास्तीत जास्त अर्ध्या तासाने बघायला हवं असं आहे, त्या हिशोबाने माझं पुरेसं धरतील का? शेजारी साक्ष देतील.

आमची हाफ्टफ्लिख्ट पॉलिसी (आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा) आहे, पण ७ खालच्या मुलांनी केलेलं नुकसान कायद्याने देणं लागत नसेल तरी भरून देणारं कलम काही पॉलिसींत असतं म्हणे. आमच्यात आहे की नाही ते कागदात कुठे, कोणत्या नावाखाली शोधायचं? आणि वकिलाला मी स्वतः उत्तर देऊ की पत्र तसंच कंपनीकडे पाठवू? चुकीची मागणी परतवणं हेही त्यांचंच काम असतं असं वाचलंय, आणि त्यांना न विचारता काही कबूल करू नका असंही. शेजाऱ्यांनाही तेच सांगायचंय, त्यांची कंपनी वेगळी आहे. पत्रातली मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लवकर सांगा.