बेटकास्टिंग रीलवरचा गुंता: सोडवावा की कापावा?

प्रश्न – गंगापूररोडकर

नमस्कार. गेली 4 वर्षे मी स्पिनिंग रीलवर गळ टाकत आलो आहे आणि त्यात मला कधी फारशी अडचण आली नाही. मरळीसाठी जरा दणकट साधन हवे म्हणून या दिवाळीत बेटकास्टिंग रील घेतले आणि तेव्हापासून पाण्यापेक्षा माझे लक्ष रीलकडेच अधिक असते. रीतसर परवानगी काढून मागच्या रविवारी नाशिकजवळ गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या काठावर गेलो होतो. पहिल्या सहा फेकींपैकी चार वेळा स्पूलवर (दोरा गुंडाळलेल्या चकरीवर) असा गुंता झाला की दोरा पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी वैतागून कात्री लावली. 100 मीटर ब्रेडेड (धाग्यांच्या विणीच्या) दोऱ्यापैकी 30-35 मीटर त्या एका सकाळी वाया गेला. ल्युअर (नकली आमिष) 7 ग्रॅमचे होते आणि वारा समोरून होता. ज्यांच्याकडून रील घेतले त्यांना विचारले, तर “होईल सवय” एवढेच उत्तर मिळाले. माझे प्रश्न दोनच आहेत: पडलेला गुंता न कापता कसा सोडवावा, आणि मुळात तो पडू नये यासाठी रीलवर नेमके काय जुळवावे?

उत्तर – जुनागळ

दादा, आधी कारण समजून घ्या, कारण ते कळले की निम्मी चीड ओसरते. स्पिनिंग रीलचे स्पूल फेकताना स्थिर असते आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. बेटकास्टिंगमध्ये मात्र स्पूल स्वतः गरगर फिरते आणि ल्युअर दोरा ओढून नेते. हवेत ल्युअरचा वेग कमी होतो, पण स्पूल आपल्या गतीने फिरतच राहते, म्हणजे बाहेर जाणाऱ्या दोऱ्यापेक्षा स्पूलने सोडलेला दोरा जास्त होतो आणि तो जास्तीचा दोरा तिथल्या तिथे फुगून उलटा गुंडाळला जातो. तुमच्याकडे तर हलके ल्युअर आणि समोरचा वारा असे दोन्ही शत्रू एकत्र आले होते.

आता सोडवण्याविषयी लिहितो. आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ असा भेद आहे, तो इथे तंतोतंत लागू पडतो. नुकताच पडलेला गुंता म्हणजे एकात एक अडकलेले फास असतात, त्यात खरी गाठ जवळजवळ नसतेच. आपण चिडून दोऱ्याला हिसका दिला की मगच त्याची निरगाठ होते. म्हणून सर्वात आधी हात थांबवा. ड्रॅगचे, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती ताणावर सुटावा ते ठरवणारे, चांदणीच्या आकाराचे चाक पूर्ण आवळा, अंगठा स्पूलवर घट्ट दाबा आणि तो तसाच दाबून ठेवून हँडल दोन-तीन वेळा फिरवा. वर आलेले फास अंगठ्याखाली चेपून सपाट होतात. मग कळ दाबून स्पूल मोकळे करा आणि दोरा पुढून सावकाश ओढा. तो अडेल तिथे थांबा, पुन्हा अंगठा, पुन्हा हँडल. दहापैकी सात-आठ गुंते माझ्याकडे एवढ्यानेच सुटतात.

उरलेल्यांसाठी मी बोथट टोकाची गोधडीची सुई खिशात ठेवतो. दोरा जिथे अडतो तिथे स्पूलकडे बारकाईने पाहिले तर त्या दोऱ्यावरून आडवा गेलेला एक फास दिसतो. सुईने तेवढाच फास उचलून बोटभर सैल करायचा आणि दोरा पुन्हा ओढायचा. दोऱ्याचे टोक मात्र कोणत्याही फासातून आरपार काढायचे नाही, कारण खरी गाठ तिथूनच सुरू होते. सगळे सुटल्यावर गुंत्याच्या खालचाही थोडा दोरा बाहेर काढून नखांच्या चिमटीतून सरकवा. नायलॉनच्या दोऱ्यावर, म्हणजे तंगुसावर, कुठे पांढरट मोड पडली असेल तर तेथून पुढचा दोरा काढून टाका. अशा जागी तो ऐन माशाच्या वेळी तुटतो. माझी एक चांगली मरळ त्यामुळेच गेली आहे.

उत्तर – आसारीवाला (येवला)

वर दिलेले कारण आमच्या येवल्यातल्या पोराला वेगळे समजवावे लागत नाही. संक्रांतीच्या तीन दिवसांत आसारी (पतंगाच्या दोऱ्याची फिरकी) हातात घेऊन ज्याने ढील दिली आहे, त्याला हे ठाऊक असते की पतंगाची ओढ कमी झाल्याच्या क्षणी आसारी तळहाताने थोपवली नाही, तर दोरा सैल होऊन पायाशी ढीग पडतो. आसारीला ब्रेक नसतो, तळहात हाच तिचा ब्रेक. बेटकास्टिंग रीलमध्ये हेच काम अंगठा करतो. फेकताना तो पूर्ण उचलू नका. दोऱ्याला पिसासारखा टेकलेला राहू द्या आणि ल्युअर पाण्याला लागण्याच्या किंचित आधी घट्ट दाबा. टेकल्यानंतर दाबलेला अंगठा उशिराचा असतो.

आमच्या घरात पैठणीचा माग आहे, म्हणून आणखी एक सांगतो. कांडी (आडव्या धाग्याची नळी) सैल भरली तर धोटा (ती नळी मागातून आडवी नेणारे साधन) चालताना रेशीम ओघळून गुंतते. स्पूलचेही तसेच आहे. तुमचा ब्रेडेड दोरा सैल गुंडाळला गेला असेल, तर जोराच्या ओढीने वरचा दोरा खालच्या थरांत रुततो, पुढच्या फेकीला तिथेच अडकतो आणि झटक्याने गुंता होतो. ओल्या फडक्यात दोरा धरून ताणावर पुन्हा भरा. गुळगुळीत स्पूलवर ब्रेड थेट बांधला तर तो संपूर्ण थरच घसरतो, म्हणून तळाशी थोडा तंगूस घालून त्यावर ब्रेड जोडावा. दोरा स्पूलच्या कडेपासून साधारण 3 मिलिमीटर खाली राहील इतकाच भरावा.

उत्तर – दारणाकाठ

जुळवणीविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हँडलच्या बाजूची छोटी गोल टोपी म्हणजे टेन्शन नॉब. ल्युअर बांधून रॉड आडवा धरा आणि अंगठ्याची कळ दाबा. ल्युअर हळूहळू खाली उतरले पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबले पाहिजे. ते फिरत राहिले तर नॉब थोडा आवळा. ल्युअर बदलले की ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, आणि नवशिके नेमके तेच विसरतात.

दुसऱ्या बाजूच्या झाकणाशी मुख्य ब्रेक असतो. तो चुंबकीय असेल तर बाहेर आकड्यांची तबकडी असते. केंद्रापसारी ब्रेक असेल, तर बहुतेक रीलमध्ये झाकण उघडल्यावर आत लहान लहान गुटके दिसतात, जे स्पूल वेगात फिरताना बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात. या दुसऱ्या प्रकारात वेग दुप्पट झाला की घर्षण चौपट होते, त्यामुळे तो फेकीच्या सुरुवातीला जोरदार आवरतो आणि शेवटी जवळजवळ सोडून देतो. तिथे अंगठाच लागतो. दोन्ही प्रकारांत सुरुवात सर्वात जास्त ब्रेकवर करा आणि आठवड्यागणिक एकेक घर कमी करा. फेक आखूड पडेल, पडू द्या.

ब्रेडच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. पहिले दोन महिने ब्रेड काढून ठेवा आणि 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा स्वस्त तंगूस भरा. तो जाड असल्यामुळे फास नजरेला दिसतात, सहज सुटतात आणि कापावा लागला तरी जीव हळहळत नाही. शिवाय 7 ग्रॅमचे ल्युअर साध्या बेटकास्टिंग रीलला हलकेच पडते. 14 ते 18 ग्रॅमवर शिका.

पुन्हा प्रश्नकर्ता – गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. दोन आठवडे पाण्यावर न जाता मैदानावर सराव केला. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पाचलाही जॉगिंग करणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की तिथे शिसे भिरकावणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. शेवटी आडगावजवळ मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. गळ न लावता 16 ग्रॅमचे शिसे बांधले, तंगूस भरला, ब्रेक सर्वात जास्त ठेवला. पहिल्या दिवशी वीस फेकींत पाच गुंते झाले, काल चाळीस फेकींत एक, आणि तोही सुईने सुटला. कात्री खिशातच राहिली. एक अडचण मात्र उरली आहे. वारा समोरून असला की अंगठा घाबरतो आणि मी तो फार लवकर दाबतो, त्यामुळे शिसे दहा मीटरवर झटका खाऊन पडते.

उत्तर – जुनागळ

समोरच्या वाऱ्यात रॉड डोक्यावरून न फिरवता बाजूने, कमरेच्या उंचीवरून फिरवा, म्हणजे ल्युअर पाण्यालगत खालून जाते आणि वाऱ्याला सापडत नाही. त्या दिवसापुरता ब्रेक दोन घरे वाढवा. अंगठ्याची भीती घालवण्यासाठी एक युक्ती आहे: चांगली लांब फेक झाल्यावर आणखी पाच-सहा मीटर दोरा हाताने ओढून काढा, स्पूलवर उरलेल्या दोऱ्यावर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक वेढा लावा आणि वरून दोरा परत गुंडाळा. मग गुंता कितीही मोठा झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. मोठा मासा लागण्याची शक्यता असेल तेव्हा ती पट्टी आठवणीने काढा, नाहीतर तो पट्टीपर्यंतचाच दोरा घेऊ शकेल.

उत्तर – आसारीवाला (येवला)

कापलेल्या तुकड्यांचे काय केले, हे विचारायचे राहिले. ते काठावर टाकू नका. नायलॉन मांजाने पक्ष्यांच्या पायांचे काय होते ते आम्ही दर संक्रांतीला पाहतो, आणि रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) असलेले नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य याच गोदावरीवर खाली आहे. मी झाकणाला चीर पाडलेली एक रिकामी बाटली सोबत ठेवतो. तुकडे त्यात जातात आणि घरी आल्यावर बारीक कापून कचऱ्यात.

उत्तर – गंगापूररोडकर

ते तुकडे त्याच दिवशी पिशवीत भरून आणले होते, अजून गॅलरीत पडले आहेत. आज कापतो. आणि बाजूने फेकण्याची युक्ती रविवारी वारा असला तर करून पाहीन. निघण्याआधी चिकटपट्टी लावतो आहे.